धूर गेला, तो कुठे?

26 सप्टेंबर 1950. मंगळवारची दुपार. स्कॉटलंडमध्ये लोक घरांतून, दुकानांतून बाहेर आले आणि आकाशाकडे बघत उभे राहिले. सूर्य निळा झाला होता. निळसर झाक वगैरे नव्हे, चक्क निळा. रात्री चंद्र वर आला, तोही निळाच. सोव्हिएत संघाने पहिला अणुबॉम्ब फोडून जेमतेम वर्ष झालं होतं आणि कोरियात युद्ध पेटलं होतं. अशा काळात सूर्याचा रंग बदलला तर माणसांच्या मनात काय काय येईल, ते वेगळं सांगायला नको.

एडिंबराच्या रॉयल वेधशाळेत तेव्हा रॉबर्ट विल्सन नावाचा तरुण खगोलशास्त्रज्ञ होता. पुढे अतिनील प्रकाशात पाहणाऱ्या अवकाशदुर्बिणीचा जनक म्हणून त्याचं नाव झालं. त्या दिवशी त्याने सूर्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, आकडेमोड केली आणि सांगितलं की वर हवेत अतिशय बारीक कणांचा थर आहे, आणि हे कण जवळपास एकाच मापाचे, साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या व्यासाचे आहेत. ते आले होते पश्चिम कॅनडातून, सहा हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांच्या सीमेवर चिंचागा नदीच्या खोऱ्यात जूनपासून जंगल जळत होतं. ते ऑक्टोबर संपेपर्यंत जळत राहिलं आणि चौदा लाख हेक्टरच्या वर जंगल त्यात गेलं. उत्तर अमेरिकेत नोंदवलेली ती सर्वांत मोठी एकसंध आग. ती कुणी विझवली नाही, कारण रस्ता, रेल्वे किंवा वस्तीपासून सोळा किलोमीटरच्या आतली आगच विझवायची, असा अल्बर्टाच्या वनखात्याचा तेव्हाचा नियम होता. त्यापलीकडचं जंगल जळून जाऊ द्यायचं. तिथे कुणाचं काय नुकसान होणार?

निळ्या सूर्याचं कोडं मला फार आवडतं, म्हणून थोडं थांबून सांगते. एरवी धुरातून सूर्य तांबडा दिसतो, कारण धुराचे बहुतेक कण फार बारीक असतात. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि आपल्या डोळ्यांपर्यंत तांबडा उरतो. पण कण एक मायक्रॉनच्या आसपासचे आणि सगळे सारख्या मापाचे असले, तर गणित उलटं होतं. तेव्हा तांबडा जास्त अडतो आणि निळा पार होतो. निसर्गात इतके एकसारखे कण क्वचित जमतात, म्हणून निळा सूर्यही क्वचित दिसतो. 1883 मध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, त्यानंतर सप्टेंबरात मद्रासला आणि श्रीलंकेत सूर्य हिरवा दिसला होता, तो याच गणिताचा भाऊबंद.

स्कॉटलंडला पोहोचण्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे 24 तारखेच्या रविवारी, तोच धूर कॅनडातल्या ओंटारिओवरून आणि अमेरिकेतल्या न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या राज्यांवरून गेला होता. भरदिवसा दिवे लावावे लागले होते. त्या भागात अशी ती पहिली दुपार नव्हती. 19 मे 1780 रोजी न्यू इंग्लंडमध्ये दुपारी इतका अंधार पडला, की कोंबड्या खुराड्यात शिरल्या आणि लोक चर्चमध्ये. कनेक्टिकटच्या विधिमंडळात सभा तहकूब करा अशी मागणी झाली, तेव्हा ॲब्राहम डॅव्हनपोर्ट नावाचे सभासद उठले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता: कयामतीचा दिवस आज असेल किंवा नसेल. नसेल तर उठायचं कारण नाही, आणि असेल तर मी काम करताना सापडलेला बरा, मेणबत्त्या आणा. त्या अंधाराचं कारण कळायला सव्वादोनशे वर्षं लागली. ओंटारिओतल्या झाडांच्या खोडांमध्ये त्या वर्षीच्या आगीचे व्रण सापडले, वर्षाच्या वलयासकट.

हे सगळं मी शोधून वाचायला लागले ते 2023 च्या जूननंतर. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या बहुतेक मराठी घरांत होतं तसं, उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबांना सकाळी फिरायला लागतं आणि आईला संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायला. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ आधी दुधी झालं, मग पिवळट, आणि 7 तारखेला दुपारी नारिंगी. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात हवेचा निर्देशांक 400 च्या वर गेला. त्या दिवशी जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वाईट हवा तिथली होती. आपल्याकडे थंडीत दिल्लीबद्दल हे वाक्य ऐकायची सवय असते. विमानं रोखली गेली, यँकी स्टेडियमवरचा बेसबॉलचा सामना पुढे ढकलला. आम्ही कपाटातून करोनातले मास्क काढले. बाबांचं फिरणं बंद, खिडक्या बंद, आणि रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत दम्याच्या रुग्णांची रांग.

आई खिडकीशी उभी होती. म्हणाली, "कुठं लागलाय गं हा वणवा?"

"क्युबेकमध्ये, आई. कॅनडात."

"म्हणजे इथून किती लांब?"

"पुण्याहून नागपूर धर. आणि तिथून अजून पुढं."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पण वास वणव्याचा नाही." तिचं नाक खरं होतं. आईचं माहेर वेल्ह्याकडचं. वणव्याचा वास तिला लहानपणापासून ठाऊक: सुकलेल्या गवताचा, पाचोळ्याचा, करपट पण ओळखीचा. न्यू जर्सीत आला तो वास रबर किंवा प्लास्टिक जळाल्यासारखा होता. धूर ताजा असतो तेव्हा लाकडातल्या सुगंधी रसायनांमुळे त्याला सरपणाचा वास असतो. पण ही रसायनं उन्हात आणि हवेत काही तासांतच मोडतात. मागे राहतात बेन्झिन, फॉर्मल्डिहाइड असली टिकाऊ मंडळी. म्हणजे आमच्या दारात आलेला धूर वाटेत जुना झाला होता, बदलला होता.

चार दिवसांनी वारा फिरला, आभाळ निळं झालं. बाबा बूट घालून बाहेर पडले. सगळीकडे एकच वाक्य: "गेला एकदाचा धूर." मलाही हायसं वाटलं. पण त्या वाक्याने माझ्या मनात घर केलं ते आजतागायत. गेला म्हणजे कुठे गेला? आपल्याला दिसेनासा झाला, एवढंच आपल्याला माहीत असतं. त्यालाच आपण जाणं म्हणतो.

धूर म्हणजे एक वस्तू नाही, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. त्यात वाफ असते, कार्बन डायऑक्साइड असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, शेकडो सेंद्रिय रसायनं असतात, आणि मग कण: थोडी काळी काजळी आणि बरेचसे तपकिरी सेंद्रिय पदार्थ. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. कार्बन मोनॉक्साइड हवेत एक-दोन महिने टिकतो, म्हणून उपग्रह त्याच्या मागावर राहून धुराची वाट सांगू शकतात. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शतकानुशतकं राहतो. कण मात्र, ते खालच्या हवेत असतील तर, काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतात. "खालच्या हवेत असतील तर" हे महत्त्वाचं. धूर किती लांब जाणार हे आग किती मोठी होती यापेक्षा त्याला किती उंची मिळाली यावर ठरतं.

आईच्या माहेरचे वणवे आठवून बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीचे डोंगर पिवळे पडतात, कुणीतरी काडी लावतं, कारण जाळलं की गवत चांगलं फुटतं अशी पक्की समजूत. रात्री डोंगरावरची आगीची रेघ गावातून दिसते. सकाळी तो धूर खोऱ्यातच तळाशी बसलेला असतो, कारण रात्री जमिनीजवळची हवा थंड होते आणि वरच्या उबदार हवेचं झाकण तिच्यावर बसतं. दुपारी झाकण उघडतं, धूर पसरतो, विरळ होतो. गवताची आग पटकन पेटते, पटकन विझते. धुराला फार वर ढकलण्याएवढी उष्णता तिच्यात नसते. त्या वणव्याने रोपं, अंडी, सरपटणारे जीव जातात, हे नुकसान मोठंच आहे. पण तो धूर मावळातला मावळातच जिरतो.

उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलाचं तसं नाही. तिथे स्प्रूस आणि पाईन दाटीवाटीने उभे, त्यांच्या खाली अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे जाड थर. कोरड्या उन्हाळ्यात हे सगळं एकदम पेटलं की वर चढणारी गरम हवा एवढी प्रचंड असते, की ती स्वतःचं वादळ तयार करते. धूर आणि वाफ वर जाऊन थंड होतात, ढग बनतो, ढग तयार होताना आणखी उष्णता सुटते, ढग आणखी वर उसळतो. याला शास्त्रज्ञ पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात. आपण अग्निमेघ म्हणू. पावसाळ्याआधी वळवाचा काळाकभिन्न ढग आपण पाहतो तसाच उंच, पण पोटात राख. आणि पाऊस मात्र जवळजवळ नाही. कणांची इतकी गर्दी असते, की वाफ त्यांच्यात वाटली जाते, थेंब फार बारीक राहतात आणि खाली पडण्याइतके मोठे होत नाहीत. पाऊस नाही, पण विजा आहेत. 29 जून 2021 रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावात 49.6 अंश तापमान नोंदलं गेलं, दुसऱ्या दिवशी ते गाव जळालं, आणि त्याच सुमारास पश्चिम कॅनडात एका रात्रीत सात लाखांहून अधिक विजा नोंदल्या गेल्या. आगीने केलेल्या ढगांच्या विजा जंगलावर पडून नव्या आगी लावतात. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

असा ढग दहा-बारा किलोमीटरच्या वर जाऊन स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या हवेच्या थरात, धूर सोडू शकतो, हे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक कुणाच्या हिशेबातच नव्हतं. तिथपर्यंत काही पोहोचवायची ताकद ज्वालामुखीतच, असं मानत. 1998 मध्ये उपग्रहांना स्थितांबरात कणांचे थर दिसले. त्या काळात त्यांना साजेसा कोणताही ज्वालामुखी फुटला नव्हता. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले माइक फ्रॉम आणि त्यांचे सहकारी त्या थरांच्या मागे लागले आणि उत्तरेतल्या जंगलांच्या आगींपर्यंत पोहोचले. त्यानंतर जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या गेल्या, आणि आधी ज्वालामुखीच्या नावावर टाकलेले काही थर खरं तर अग्निमेघांचे होते, असं दिसून आलं. हा धूर सगळ्यांच्या डोक्यावरूनच चालला होता, आणि वहीत त्याच्या जागी नाव दुसऱ्याचंच लागत होतं.

स्थितांबरात पाऊस नाही. धुऊन काढणारं तिथे कुणी नाही. म्हणून एकदा वर गेलेला धूर महिनोन् महिने राहतो. आणि राहतो तोही नुसता तरंगत नाही, तर स्वतःहून आणखी वर चढतो. 12 ऑगस्ट 2017 रोजी ब्रिटिश कोलंबियात अनेक अग्निमेघ एकदम उठले. त्यांचा धूर बारा किलोमीटरवर सोडला गेला होता. दोन महिन्यांत तो तेवीस किलोमीटरवर पोहोचला. त्याला वर नेलं कुणी? त्यातल्या काजळीनेच. धुरात काजळीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होतं, पण तेवढं पुरलं. उन्हात काळी छत्री तापते तशी काजळी तापली, तिने भोवतालची हवा तापवली, हवा हलकी झाली आणि अख्खा ढग वर सरकत गेला. विझलेल्या आगीचा धूर सूर्याच्या बळावर पुढचा प्रवास करतो. 1982 मध्ये पॉल क्रुट्झन आणि जॉन बर्क्स या शास्त्रज्ञांनी अणुयुद्धात शहरं आणि जंगलं जळाली तर धुराने भर दुपारी अंधार होईल, असा इशारा दिला होता. पुढे त्यावरून मोठे वाद झाले. इतका धूर वर जाईल का, टिकेल का, हा त्यातला एक मुख्य प्रश्न. त्याचा छोटासा, पण प्रत्यक्ष नमुना 2017 ने दाखवला.

मग आला ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा. 31 डिसेंबर 2019 च्या सकाळी व्हिक्टोरिया राज्यातल्या मॅलाकूटा या समुद्रकाठच्या गावात सुमारे चार हजार माणसं किनाऱ्यावर अडकली होती. एका बाजूला आग, दुसरीकडे पाणी. सकाळ काळोखी होती, मग लाल झाली. नौदलाची जहाजं येईपर्यंत लोक तिथेच होते. त्या काही दिवसांत, 29 डिसेंबर ते 4 जानेवारीच्या दरम्यान, आग्नेय ऑस्ट्रेलियात अग्निमेघांनी 38 उसळ्या मारल्या. 5 जानेवारीला दोन हजार किलोमीटरवर न्यूझीलंडमधलं ऑकलंड भर दुपारी नारिंगी झालं. लोकांनी इतके फोन केले, की पोलिसांना या कारणासाठी आपत्कालीन क्रमांक फिरवू नका असं सांगावं लागलं. तिथल्या हिमनद्या तपकिरी पडल्या. काही दिवसांत धूर दक्षिण अमेरिकेत पोहोचला आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत पृथ्वीला फेरी मारून परत ऑस्ट्रेलियावर आला.

इथपर्यंत गोष्ट मोठी असली तरी कल्पनेच्या आवाक्यात आहे. पुढचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वर गेलेल्या धुराचा एक गोळा विरलाच नाही. सुमारे हजार किलोमीटर व्यासाचा हा गोळा स्वतःभोवती फिरायला लागला, त्याचा भोवरा झाला, आणि भोवऱ्याच्या वाऱ्यांनीच त्याला बाहेरच्या हवेपासून बांधून ठेवलं. सूर्याने तापत तापत तो पस्तीस किलोमीटर उंचीवर चढला. तेरा आठवडे तो टिकला आणि 66,000 किलोमीटर फिरला. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार. धूर वाऱ्यावर वाहून जातो असं आपण म्हणतो. इथे धुराने आपला वारा आपण केला होता. निलगिरीच्या पानांची, सालींची, कोण जाणे किती प्राण्यांची राख त्या गोळ्यात असेल, आणि तो पॅसिफिकच्या वर, विमानं उडतात त्याच्या तिप्पट उंचीवर, एकटा फिरत होता. मला ही वैज्ञानिक माहिती म्हणून वाचता आली नाही. कितीतरी वेळ ते उपग्रहांचे आलेख मी नुसती बघत बसले होते.

आणि तिथे वर ओझोन आहे.

ओझोनची गोष्ट आपल्या पिढीने शाळेत शिकलेली एक आनंदाची गोष्ट आहे. फ्रिज आणि फवाऱ्यांमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी तो थर खाल्ला, अंटार्क्टिकावर छिद्र पडलं, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, जगाने ऐकलं आणि थर भरू लागला. त्या छिद्राचं रसायन उलगडणाऱ्यांत सुझन सॉलोमन आघाडीवर होत्या. 1986 मध्ये अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावर गेलेल्या मोहिमेचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. मुद्दा असा, की जुन्या वायूंमधला क्लोरीन अजून स्थितांबरात आहे. तो बहुतेक वेळ निरुपद्रवी संयुगांत, मुख्यतः हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात, बांधलेला असतो. ध्रुवावरच्या हिवाळ्यात तापमान उणे ऐंशीच्या आसपास गेलं की तिथले बर्फाळ ढग त्याला सोडवतात आणि मग तो ओझोन मोडतो. हे सगळं अतिथंड जागीच घडतं, मध्यम अक्षांशांवर नाही, असा आतापर्यंतचा दिलासा.

2020 नंतर सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उपग्रहांच्या नोंदींमध्ये दिसलं, की ऑस्ट्रेलियाच्या धुरानंतर मध्यम अक्षांशांवर हायड्रोक्लोरिक आम्ल कमी झालं होतं. ते गेलं कुठे? धुराच्या जुनाट, सेंद्रिय कणांमध्ये. तिथे ते तुलनेने उबदार हवेतही विरघळतं आणि क्लोरीन मोकळा होतो. धुराने ध्रुवीय ढगांचं काम ध्रुवापासून लांब करून दाखवलं. त्यांच्या हिशेबाने दक्षिण गोलार्धाच्या मध्यम अक्षांशांवर 2020 मध्ये ओझोन तीन ते पाच टक्क्यांनी घटला, आणि त्या वर्षीचं अंटार्क्टिकाचं छिद्र सुमारे 25 लाख चौरस किलोमीटरने जास्त पसरलं. भारताचं क्षेत्रफळ 33 लाखांच्या जवळपास आहे, यावरून अंदाज घ्यावा. हे कायमचं नुकसान नाही. धूर खाली आला की परिणाम ओसरतो. पण दर काही वर्षांनी असा धूर जाऊ लागला, तर माणसाने मोठ्या समजूतदारपणाने भरायला घेतलेली जखम तितक्या वेळा खरवडली जाणार. याचं मला मनापासून वाईट वाटतं. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून पाळलेला जवळपास एकच पर्यावरणाचा करार, आणि त्याला धक्का देणारी गोष्ट ही, जिचा त्या करारात उल्लेखही नाही.

त्याच धुराने दुसरीकडे भलतंच केलं. त्याचा जो भाग खालच्या हवेत राहिला तो दक्षिण महासागरावर पडला. त्या पाण्यात शेवाळासारख्या सूक्ष्म वनस्पतींना लागणारं बाकी सगळं असतं, फक्त लोह नसतं. राखेतून लोह मिळालं आणि डिसेंबर 2019 पासून मार्चपर्यंत हजारो किलोमीटर पूर्वेला, ऑस्ट्रेलियाच्या क्षेत्रफळाहून मोठ्या पट्ट्यात, समुद्र हिरवा फुलला. जळालेल्या जंगलाने सोडलेल्या कार्बनपैकी काही तरी या फुलोऱ्याने परत घेतला. तो खोल पाण्यात गेला की पुन्हा वर आला, हा पुढचा प्रश्न. पण एका खंडावरचं जंगल राख होऊन दुसऱ्याच महासागरात अन्न बनतं, यातलं नवल मला नाकारता येत नाही, आगीचं दुःख होत असतानाही.

2021 च्या ऑगस्टमध्ये सायबेरियातल्या याकुतियाचा धूर तीन हजार किलोमीटरवर उत्तर ध्रुवावर पोहोचला. नोंदींमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं.

माणसांचं काय, हे शेवटी विचारावंच लागतं. ऑस्ट्रेलियाच्या त्या उन्हाळ्यात आगीत थेट 33 माणसं गेली. धुरामुळे किती गेली याचा अभ्यास झाला तेव्हा अंदाज निघाला 417. ही माणसं ज्वाळांच्या जवळपासही नव्हती. ती सिडनीत, मेलबर्नमध्ये, आपापल्या घरांत होती. कुणाचं हृदय थांबलं, कुणाची फुप्फुसं थकली, आणि मृत्यूच्या दाखल्यावर आग किंवा धूर हा शब्द आला नाही. आगीच्या बातमीत घरं मोजतात, हेक्टर मोजतात, माणसंही मोजतात, पण आगीच्या कुंपणापर्यंतच. 1950 चा सोळा किलोमीटरचा नियम कधीच गेला. मोजण्याची सवय मात्र तशीच राहिली आहे.

कार्बनच्या हिशेबातही तेच. 2023 मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टर जंगल जळालं, म्हणजे साधारण निम्मा महाराष्ट्र. त्यातून सुमारे 64.7 कोटी टन कार्बन हवेत गेला. त्या वर्षी इंधन जाळून त्याहून जास्त कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत. पण देशाच्या अधिकृत उत्सर्जनाच्या बेरजेत असल्या आगी नैसर्गिक मानून वगळल्या जातात. त्यामागे कारण आहे, तर्क आहे; उत्तरेतल्या जंगलांना आग नवी नाही, तिथल्या काही पाईनची बोंडं आगीच्या धगीनेच उघडतात. तरीही दीड कोटी हेक्टर हा आकडा कॅनडाच्या आधीच्या विक्रमाच्या दुप्पट आहे, आणि तापलेल्या, सुकलेल्या उन्हाळ्यांमागे कोण आहे हे आता गुपित राहिलेलं नाही. वातावरणाला तर कुठला कार्बन कुणाच्या खात्यातला हे विचारताही येत नाही. त्याच्याकडे सगळाच जमा होतो.

मी हवामानतज्ज्ञ नाही. पण दर मे महिन्यात मी धुराचा नकाशा उघडते, तसा मी पावसाचा नकाशाही कधी उघडला नव्हता. 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस मॅनिटोबात आगींमुळे आणीबाणी जाहीर झाली. कॅनडाचा तो नोंदीतला दुसरा सर्वांत वाईट मोसम ठरला. जूनच्या सुरुवातीला लंडनहून कॉलेजच्या मैत्रिणीचा फोटो आला. सूर्य लाल, भोवती मातकट आभाळ. खाली लिहिलं होतं, "हे काय आहे गं? बातम्यांत कॅनडा म्हणतायत. खरंच इतक्या लांबून येतं?"

मी तिला लिहिलं, येतं. आमच्याकडचं गेलं म्हणतात तेव्हा ते तुमच्याकडे येत असतं. या वेळी ते उंचावरून चाललंय, तुमच्या श्वासापर्यंत फारसं येणार नाही. तरी मुलीचा इनहेलर दप्तरात असू दे.

"आणि इथून पुढे?"

नकाशा उघडाच होता. तपकिरी पट्टा इंग्लिश खाडी ओलांडून आल्प्सकडे सरकत होता. तेच मी तिला कळवलं.